चौदा शब्दांचा वाद : कॅलिफोर्नियाच्या 'प्रस्ताव ८'ची गोष्ट



४ नोव्हेंबर २००८. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मतदान आहे. मतपत्रिका लांबलचक, कारण तिथे एकाच दिवशी लोकांना अनेक प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न अर्थातच राष्ट्राध्यक्ष कोण हवा, हा. कॅलिफोर्नियाने बराक ओबामांना ६१ टक्के मतं दिली. त्याच मतपत्रिकेवर खाली कोंबड्यांचा प्रश्न होता. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना पंख पसरता येतील, मागे वळता येईल एवढी जागा द्यावी का? ६३ टक्के लोक म्हणाले, द्यावी. आणि आणखी एक प्रश्न होता. दोन स्त्रियांना किंवा दोन पुरुषांना एकमेकांशी लग्न करण्याचा जो हक्क नुकताच मिळालाय, तो काढून घ्यावा का? ५२ टक्के लोक म्हणाले, घ्यावा.

एकच दिवस, तेच मतदार, तोच कागद. काळ्या माणसाला देशाच्या सर्वोच्च पदावर बसवलं, कोंबड्यांना जागा दिली, आणि हजारो शेजाऱ्यांच्या लग्नाचा रस्ता बंद केला.

आजच्या भागात आपण या तिसऱ्या प्रश्नाची, म्हणजे 'प्रस्ताव ८'ची गोष्ट बघणार आहोत. इंग्रजीत त्याला 'प्रपोझिशन एट' म्हणतात. गोष्ट समलिंगी विवाहाची आहेच, पण तिच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो आपल्या सगळ्यांचा आहे. मतपेटी 'हो की नाही' एवढंच विचारते. 'का?' असं ती कधीच विचारत नाही. मग हा 'का' कुठे विचारायचा? आणि तो विचारल्यावर काय होतं?

रेल्वे कंपनीला आवरण्यासाठी

आधी एक शंका दूर करू. हक्क काढून घ्यायला थेट मतदान? असं कसं करता येतं? कॅलिफोर्नियात येतं, आणि त्याची सुरुवात फार चांगल्या हेतूने झाली होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचं राज्य होतं म्हणा ना. आमदार, अधिकारी, सगळे तिच्या खिशात असल्याची लोकांची तक्रार होती. हायरम जॉन्सन नावाचे गव्हर्नर याच रागावर निवडून आले आणि १९११ मध्ये त्यांनी 'इनिशिएटिव्ह'ची पद्धत आणली. आमदार ऐकत नाहीत ना, मग लोकांनीच कायद्याचा मसुदा लिहावा, सह्या गोळा कराव्यात आणि तो थेट मतदानाला टाकावा. राज्याची घटना बदलायची असेल तर गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली, त्याच्या ८ टक्के सह्या लागतात. २००८ साली हा आकडा जवळजवळ ७ लाख होता. पुढे मतदानात निम्म्याहून एक मत जास्त मिळालं, की घटना बदलली.

धनदांडग्यांना वेसण घालायला तयार केलेलं हे हत्यार. पण हत्याराला बोथट बाजू कोणाकडे आणि धार कोणाकडे, हे कळत नाही. १९६३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला की घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशावरून भेदभाव करायचा नाही. लगेच पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, 'प्रस्ताव १४' आला आणि सुमारे ६५ टक्के मतदारांनी तो कायदा उडवून लावला. शेवटी न्यायालयांनीच तो प्रस्ताव रद्द केला, आधी राज्याच्या आणि १९६७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने. हा प्रसंग लक्षात ठेवा. हाच खेळ पुढे पुन्हा होणार आहे.

कारकून चेहऱ्याकडे बघायचा

कुणी कुणाशी लग्न करावं हे सरकारने सांगण्याची कॅलिफोर्नियाला जुनी सवय. १८५० मध्ये राज्य झालं तेव्हापासूनच गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या लग्नावर बंदी होती. पुढे या यादीत चिनी-जपानी आले, १९३३ मध्ये फिलिपिनो लोकही आले.

यात आपली माणसंही सापडली, बरं का. १९१० च्या दशकात मेक्सिकोच्या सीमेजवळच्या इम्पीरियल व्हॅलीत पंजाबी शेतकरी कापूस पिकवायला लागले. बहुतेक शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू. परदेशगमनाचे नियम कडक झाल्याने गावाकडून बायको आणता येईना. हिंदुस्थानी माणूस वंशांच्या यादीत नेमका कुठे बसतो हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं, पण गोऱ्या बाईशी त्याचं लग्न लावायला बहुतेक कारकून तयार नसत. मग या शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. परवाना देणारा कारकून काय करायचा? दोघांच्या चेहऱ्याकडे बघायचा, कातडीचा रंग जुळतोय असं वाटलं की कागदावर शिक्का मारायचा. त्यातून स्पॅनिश नाव आणि सिंग आडनाव असलेल्या मुलांची एक आख्खी पिढी उभी राहिली.

ही बंदी मोडली १९४८ मध्ये. अँड्रिया पेरेझ ही मेक्सिकन वंशाची, म्हणून कागदोपत्री गोरी. सिल्व्हेस्टर डेव्हिस काळा. लॉस एंजेलिसच्या कारकुनाने परवाना नाकारला. दोघं कॅथलिक होते. आमच्या चर्चला आमचं लग्न चालतं, मग सरकारला का चालत नाही, असा त्यांचा सवाल. १ ऑक्टोबर १९४८ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. निकाल ४ विरुद्ध ३. न्या. रॉजर ट्रेनर यांनी बंदीच्या बाजूने दिलेलं एकेक कारण तपासलं. संतती कमजोर होते म्हणता, समाजात तंटे होतात म्हणता, मग पुरावा कुठे आहे? पुरावा नव्हता. 'लोकांना आवडत नाही' एवढंच शेवटी हाती उरलं.

लोकांना खरंच आवडत नव्हतं. १९६७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हीच बंदी देशभर रद्द केली, आणि १९६८ च्या गॅलप पाहणीत ७३ टक्के अमेरिकनांनी अशा लग्नांना नापसंती दाखवली. अलाबामा राज्याच्या घटनेतलं हे मेलेलं कलम काढायला २००० साल उजाडलं, आणि तेव्हाही तिथल्या सुमारे ४० टक्के मतदारांनी 'राहू द्या' म्हणून मत दिलं. त्या काळी मतदान घेतलं असतं तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

चौदा शब्द

आता आपल्या मूळ गोष्टीकडे येऊ. १९७७ पर्यंत कॅलिफोर्नियाच्या विवाह कायद्यात पुरुष आणि स्त्री असा स्पष्ट उल्लेख नव्हता. काही समलिंगी जोडपी परवाना मागायला येऊ लागली, कारकून गोंधळले, आणि विधिमंडळाने तो उल्लेख घालून टाकला. कायद्यावर सही केली तरुण गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

मग १९९३ मध्ये हवाई राज्याच्या न्यायालयाने विचारलं, की ही बंदी म्हणजे लिंगावरून भेदभाव नाही का? देशभर धावपळ सुरू झाली. उद्या हवाईत लग्न करून आलेल्या जोडप्याला आपल्या राज्यात मान्यता द्यावी लागली तर? १९९६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने आणि मग एकेका राज्याने बंदीचे कायदे केले. कॅलिफोर्नियात पीट नाइट नावाच्या सेनेटरने प्रस्ताव आणला, तो 'प्रस्ताव २२'. मूळ इंग्रजीत अवघे चौदा शब्द. अर्थ असा, की कॅलिफोर्नियात फक्त पुरुष आणि स्त्री यांच्यातलाच विवाह वैध किंवा मान्य असेल. मार्च २००० मध्ये ६१ टक्क्यांनी तो मंजूर झाला. नाइट यांचा एक मुलगा समलिंगी होता आणि त्याने वडिलांच्या प्रस्तावाविरुद्ध जाहीर लेख लिहिला होता. हा वाद पहिल्यापासून घराघरातला होता, तो असा.

याच सुमारास दुसरीकडे उलटी गंमत चालली होती. त्याच राज्याने १९९९ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी 'डोमेस्टिक पार्टनर' म्हणून नोंदणी सुरू केली. २००३ मध्ये ती वाढवली. मालमत्ता, मुलांची जबाबदारी, वारसा, राज्याच्या हातातलं जवळजवळ सगळं दिलं. दिलं नाही ते एकच: 'विवाह' हा शब्द.

आणि म्हणून हा वाद एवढा चिवट झाला. एक बाजू म्हणायची, सगळे हक्क मिळालेत, मग शब्दासाठी का अडून बसता? दुसरी बाजू म्हणायची, सगळे हक्क दिलेत, मग शब्दच तेवढा का अडवून ठेवता? दोन्ही प्रश्न तसे बरोबरच. शब्दाला काही किंमत नसती तर दोघांनीही एवढा जीव पाखडला नसता.

टोलवाटोलवी

१२ फेब्रुवारी २००४. सॅन फ्रान्सिस्कोचे नवे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी कायदा धाब्यावर बसवून समलिंगी जोडप्यांना परवाने द्यायला सुरुवात केली. पहिलं जोडपं होतं डेल मार्टिन आणि फिलिस लायन. दोघी १९५३ पासून एकत्र राहत होत्या. १९५५ मध्ये त्यांनी काही मैत्रिणींबरोबर समलिंगी स्त्रियांची संघटना काढली होती, ज्या काळात नुसत्या संशयावरून नोकरी जायची त्या काळात. महिनाभरात सुमारे ४,००० जोडप्यांची लग्नं लागली. ऑगस्टमध्ये राज्याच्या न्यायालयाने ती सगळी रद्द केली. महापौराला कायदा मोडायचा अधिकार नाही, असं न्यायालय म्हणालं, आणि ते चूक नव्हतं.

मग कायदा बदलू या, असं विधिमंडळाने ठरवलं. सप्टेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांनी समलिंगी विवाहाचं विधेयक मंजूर केलं. न्यायालयाने न सांगता, आपण होऊन असं करणारं हे देशातलं पहिलं विधिमंडळ. गव्हर्नर होते अरनॉल्ड श्वार्झनेगर, हो, तेच सिनेमातले. त्यांनी नकाराधिकार वापरला. म्हणाले, लोकांनी २००० मध्ये कौल दिलाय, तो आमदारांनी फिरवू नये, हे न्यायालयाने ठरवावं किंवा लोकांनी. २००७ मध्ये पुन्हा विधेयक मंजूर झालं, पुन्हा त्यांनी परत पाठवलं.

बरं, मग न्यायालयाने ठरवलं. १५ मे २००८. पुन्हा ४ विरुद्ध ३. निकाल लिहिला सरन्यायाधीश रोनाल्ड जॉर्ज यांनी. रिपब्लिकन गव्हर्नरने नेमलेला, सावध म्हणून ओळखला जाणारा माणूस. त्यांनी १९४८ च्या पेरेझ निकालाचा आधार घेतला आणि सांगितलं, की काही जणांचं नातं 'विवाह' आणि काही जणांचं तसंच नातं दुसऱ्याच नावाचं, असं केलं की दुसरं नातं कमी प्रतीचं असल्याचा शिक्का बसतो. चौदा शब्द रद्द झाले. १६ जूनला न्यूसम यांनीच डेल आणि फिलिस यांचं पुन्हा लग्न लावलं. डेल ८७ वर्षांच्या, फिलिस ८३. डेल व्हीलचेअरवर होत्या.

पण 'प्रस्ताव २२' हा साधा कायदा होता, म्हणून न्यायालयाला तो रद्द करता आला. तेच शब्द थेट घटनेत घातले तर? निकाल यायच्या आधीपासूनच विरोधक सह्या गोळा करत होते. जून महिन्यात नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर 'प्रस्ताव ८' चढला. शब्द तेच, चौदाचे चौदा.

आमदारांनी हो म्हटलं तर गव्हर्नर म्हणतो न्यायालयात जा. न्यायालयाने हो म्हटलं तर विरोधक म्हणतात लोकांकडे जा. ज्यांचं आयुष्य या सगळ्यात टांगलेलं, ते मात्र दर वेळी नव्या दारात उभे.

मुलं शाळेत काय शिकणार?

प्रचार जोरात झाला. दोन्ही बाजूंचा मिळून खर्च ८ कोटी डॉलरच्या वर गेला. मॉर्मन चर्चच्या प्रमुखांनी आपल्या अनुयायांना वेळ आणि पैसा द्यायचं पत्र पाठवलं आणि ते कॅलिफोर्नियातल्या प्रार्थनासभांत वाचलं गेलं. कॅथलिक बिशप प्रस्तावाच्या बाजूने होते. पण सगळा धर्म एकीकडे असं नव्हतं. एपिस्कोपल चर्चच्या तिथल्या बिशपांनी प्रस्तावाला उघड विरोध केला.

प्रस्तावाच्या बाजूची जाहिरात हुशार होती. लग्न म्हणजे काय याच्या चर्चेत ती शिरलीच नाही. एक लहान मुलगी घरी येते आणि आईला सांगते, आज शाळेत शिकले की राजपुत्राचं राजपुत्राशी लग्न होतं आणि मलाही राजकन्येशी लग्न करता येईल. बस. राज्याच्या शिक्षण विभागाचे प्रमुख स्वतः जाहिरातीत आले, शाळांचा याच्याशी संबंध नाही म्हणाले. पण ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेतली पहिलीची मुलं आपल्या शिक्षिकेच्या लग्नाला नगरभवनात नेली गेली, आणि ते प्रस्तावाच्या बाजूला आयतंच सापडलं. न्यूसम एका सभेत जोशात म्हणाले होते, तुम्हाला आवडो न आवडो, हे होणारच. तेही जाहिरातीत वाजत राहिलं.

या मतदारांना नुसतं द्वेष्टे म्हणून मोकळं व्हायचं नाही. 'आपल्या मुलांना काय शिकवलं जाणार हे आपल्याला न विचारता ठरतंय' ही भीती अनेकांची खरी होती. 'आम्ही एकदा ६१ टक्क्यांनी मत दिलं, चार न्यायाधीशांनी ते पुसलं' हा रागही खरा होता.

आणि विरोधी बाजूचं काय? त्यांच्या जाहिरातींत समता होती, अन्याय होता, सेनेटर होते. ज्यांच्या लग्नाबद्दल हे सगळं चाललं होतं, ती जोडपीच फारशी दिसत नव्हती. लोक बिचकतील म्हणून माणसंच झाकून ठेवली. ओबामा प्रस्तावाच्या विरोधात होते, पण विवाह पुरुष आणि स्त्रीचाच, असंही ते त्या वर्षी म्हणत होते. प्रस्तावाच्या बाजूने त्यांचं दुसरं वाक्य उचललं आणि मतदारांपर्यंत पोहोचवलं.

निकाल ५२.२ विरुद्ध ४७.८ टक्के. ऑगस्टमध्येच डेल मार्टिन वारल्या होत्या. फिलिस यांची बायको म्हणून त्या गेल्या, एवढं तरी घडलं.

निकालानंतर वातावरण कडू झालं. मतदानोत्तर पाहणीत ७० टक्के काळ्या मतदारांनी प्रस्तावाला मत दिल्याचा आकडा आला आणि खापर त्यांच्यावर फुटलं. नंतरच्या अभ्यासात हा आकडा ६० च्या आत आला, आणि खरा फरक वंशापेक्षा वय, पक्ष आणि प्रार्थनेला जाण्याच्या सवयीने पडल्याचं दिसलं. देणगीदारांच्या याद्या सार्वजनिक होत्या, त्या चाळून लोकांवर बहिष्कार पडले, काहींना पद सोडावं लागलं. ज्यांनी वर्षानुवर्षं नोकरी जाण्याची भीती सोसली, त्यांच्यातल्या काहींनी तेच हत्यार उचललं. हेही इतिहासात नोंदवायला हवं.

घटना बदलली की मोडली?

इथे भारतीय वाचकाचे कान टवकारतील. कॅलिफोर्नियाच्या घटनेत 'दुरुस्ती' आणि 'पुनर्रचना' असा फरक आहे. दुरुस्ती साध्या बहुमताने होते. पुनर्रचनेला मात्र आधी विधिमंडळाचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. विरोधकांनी न्यायालयात सांगितलं, की एका अल्पसंख्य गटाचा समतेचा हक्क काढून घेणं ही साधी दुरुस्ती कशी? ही तर घटनेच्या गाभ्याला लावलेली कात्री आहे. आपल्याला लगेच १९७३ चा केशवानंद भारती खटला आठवतो. संसदेला घटना बदलता येते, तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हे ७ विरुद्ध ६ मतांनी सांगणारा.

कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने वेगळी वाट धरली. मे २००९ मध्ये ६ विरुद्ध १ मतांनी 'प्रस्ताव ८' टिकला. निकाल कुणी लिहिला? रोनाल्ड जॉर्ज यांनीच. वर्षभरापूर्वी हक्क देणारे तेच. लोकांचा निर्णय मला पटतो की नाही हा प्रश्नच नाही, घटनेने त्यांना तो अधिकार दिलाय, अशी त्यांची भूमिका. लग्नं झालेली सुमारे १८,००० जोडपी मात्र विवाहितच राहतील, असंही त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी एका भाषणात जॉर्ज यांनी या इनिशिएटिव्ह पद्धतीवर कडक टीका केली. एकाच दिवशी कोंबड्यांना हक्क मिळाले आणि माणसांचे गेले, याकडे त्यांनीही बोट दाखवलं.

इतिहास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात

आता 'का?' विचारण्याची वेळ आली. दोन जोडप्यांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. वकील कोण? टेड ओल्सन आणि डेव्हिड बॉइस. २००० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या वादात बुश यांच्या बाजूने ओल्सन आणि गोर यांच्या बाजूने बॉइस, एकमेकांविरुद्ध लढलेले. आता एकाच टेबलावर.

न्यायाधीश वॉन वॉकर म्हणाले, नुसत्या युक्तिवादावर भागणार नाही, पुरावा आणा. जानेवारी २०१० मध्ये साक्षी झाल्या. व्हिडिओ दाखवायची तयारी होती, पण सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती थांबवली.

हार्वर्डच्या इतिहासकार नॅन्सी कॉट साक्षीला आल्या. विवाह अनादी काळापासून एकाच रूपात चालत आला, या समजुतीला त्यांनी एकेक उदाहरण देऊन धक्का दिला. गुलामांना कायद्याने लग्नच करता येत नसे आणि गुलामी संपताच हजारो जण लग्नाची नोंद करायला धावले. लग्न झालं की बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरून जाई. वंशाची बंदी तर आपण पाहिलीच. विवाह दर पिढीत बदलत आला, आणि दर वेळी कुणीतरी म्हणालं, आता विवाहसंस्था बुडाली.

प्रस्तावाच्या बाजूने दोनच तज्ज्ञ उभे राहिले. त्यांचे वकील चार्ल्स कूपर यांना आधीच्या एका सुनावणीत वॉकर यांनी विचारलं होतं, की समलिंगींनी लग्न केलं तर स्त्री-पुरुषांच्या लग्नाचं नेमकं काय बिघडतं? कूपर यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, मला माहीत नाही. त्यांच्या बाजूचे साक्षीदार डेव्हिड ब्लँकनहॉर्न यांनी उलटतपासणीत मान्य केलं, की अशा लग्नांनी त्या जोडप्यांचं आणि त्यांच्या मुलांचं भलं होईल. २०१२ मध्ये तर त्यांनी आपला विरोधच जाहीरपणे मागे घेतला.

टीव्हीवरच्या अर्ध्या मिनिटात जे चाललं, ते उलटतपासणीत टिकलं नाही. ४ ऑगस्ट २०१० ला वॉकर यांनी प्रस्ताव रद्द केला.

पुढे अपील कुणी करायचं? गंमत बघा. १९७७ मध्ये बंदीवर सही करणारे जेरी ब्राऊन आता राज्याचे महाधिवक्ता होते आणि त्यांनी प्रस्तावाचा बचाव करायला नकार दिला. नंतर ते पुन्हा गव्हर्नर झाले. महाधिवक्ता झाल्या कमला हॅरिस. त्यांची आई श्यामला गोपालन मूळची चेन्नईची. त्यांनीही बचाव नाकारला. शेवटी प्रस्तावाचे पुरस्कर्ते स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २६ जून २०१३ ला ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालय म्हणालं, तुम्हाला अपिलाचा अधिकारच नाही. दोन दिवसांनी हॅरिस यांनी खटल्यातल्या एका जोडप्याचं लग्न लावलं. त्याआधी नोव्हेंबर २०१२ मध्ये मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांत लोकांनी मतदानानेच समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती आणि मिनेसोटाने बंदी फेटाळली होती. त्या वेळी प्रचारात जोडपी होती, त्यांचे आईवडील होते, आजीआजोबा होते. २०१५ मध्ये देशभरच्या बंद्या गेल्या.

'का?' कोण विचारणार

आपल्याकडे हा प्रश्न १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाला, की निघाला नाही म्हणावं? पाचही न्यायाधीश म्हणाले, विवाहाचा असा मूलभूत हक्क संविधानात नाही, हे काम संसदेचं. नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी का, यावर ३ विरुद्ध २ अशी फूट पडली. आपल्याकडे इनिशिएटिव्ह नाही, हक्कांवर थेट मतदान होत नाही. पण न्यायालय संसदेकडे बोट दाखवतं आणि संसद गप्प राहते, तेव्हा टोलवाटोलवीची ती जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

४ नोव्हेंबर १९४८, म्हणजे 'प्रस्ताव ८'च्या बरोबर साठ वर्षं आधी आणि पेरेझ निकालानंतर महिनाभराने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. संविधानिक नैतिकता माणसाच्या अंगी उपजत नसते, ती जोपासावी लागते, हे त्यांचं त्या भाषणातलं म्हणणं. जोपासायची म्हणजे काय, याचं कॅलिफोर्निया हे एक उत्तर आहे. बहुमताला राज्य करायचा अधिकार आहेच. पण दुसऱ्याच्या घरातलं काही काढून घेताना त्याला 'का?' या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल अशी एखादी जागा देशात असावी लागते. आणि त्या जागेने दिलेलं उत्तर टिकवायला पुन्हा लोकांकडेच जावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर 'आवडो न आवडो' म्हणाला तिथे चुकला, तो एवढ्यासाठीच.

शेवटचा प्रसंग सांगतो. निकाल लागले तरी ते चौदा शब्द कॅलिफोर्नियाच्या घटनेत तसेच छापलेले होते, निर्जीव, पण छापलेले. फिलिस लायन एप्रिल २०२० मध्ये वारल्या तेव्हाही होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते काढून टाकण्यासाठी पुन्हा मतदान झालं. ६२ टक्क्यांहून अधिक लोक म्हणाले, काढा. सोळा वर्षांपूर्वी ज्या मतपेटीने ते घातले होते, तिनेच ते पुसले.

तुमच्या घरात, तुमच्या गावात अशी एखादी बंदी आहे का, जिचं कारण कुणी कधी विचारलंच नाही? विचारून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.